नाव वटवताना : लॉरेन्स ऑलिव्हिए आणि 'इंचॉन'

एखादा नावाजलेला नट टुकार सिनेमात दिसला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: "एवढ्या मोठ्या माणसाला काय गरज पडली होती?" विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, कारण उत्तर त्याच्याकडे आधीच असतं. पैसा. ते चुकीचं नसतं, पण तिथंच थांबलं तर हाती काही लागत नाही. पैसा कशासाठी हवा होता, त्याच्या बदल्यात नेमकं काय विकलं गेलं आणि घेणाऱ्याच्या पदरात काय पडलं, हे सगळं तसंच राहतं.

या तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी तपासता येतील असं एक प्रकरण आहे. नट आहे विसाव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवरचा बहुधा सर्वांत मोठा. सिनेमा आहे वाईट सिनेमांच्या याद्यांमध्ये कायमचा जाऊन बसलेला. नटाचं नाव लॉरेन्स ऑलिव्हिए, सिनेमाचं 'इंचॉन'. आणि नटानं पैशाची बाब झाकून ठेवली नाही, ही आपली आणखी एक सोय.

१९७९ : मान भरपूर, हातपाय थकलेले

१९७९ च्या एप्रिलमध्ये ऑलिव्हिएला मानद ऑस्कर मिळालं, कॅरी ग्रँटच्या हस्ते. त्याच रात्री 'द बॉईज फ्रॉम ब्राझील'मधल्या कामासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनांतही त्याचं नाव होतं. 'सर' तर तो कधीचाच झाला होता. १९७० मध्ये त्याला लॉर्ड केलं गेलं. आजन्म उमरावपद मिळालेला तो पहिलाच नट. ब्रिटनचं नॅशनल थिएटर १९६३ मध्ये उभं राहिलं ते त्याच्या हाताखाली, आणि पहिली दहा वर्षं त्यानंच ते चालवलं. नटाला मिळू शकेल असा कुठलाही मान उरला नव्हता. अशा या १९७९ मध्येच 'इंचॉन'चं चित्रीकरण सुरू झालं.

आता दुसरी बाजू. माणूस बहात्तर वर्षांचा. १९६७ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग होऊन गेलेला. १९७४ मध्ये डर्मॅटोमायोसायटिस नावाचा स्नायू आणि कातडी दोन्ही पोखरणारा आजार झाला आणि त्यात तो जवळजवळ अंथरुणाला खिळला. रंगमंचावरची त्याची शेवटची भूमिका त्याच वर्षातली. त्यानंतर नाटक संपलं.

हा मुद्दा बहुतेक टीकाकार गाळतात. नाटकाचा धंदा प्रयोगांवर चालतो. लंडनला असो नाहीतर दादरच्या शिवाजी मंदिरात, नट उभा राहिला तर पैसे. आपल्याकडे तर हिशेबच 'नाइट'चा असतो: जितक्या नाइट, तितकं पाकीट. आठवड्याला आठ प्रयोग करण्याची ताकद अंगात नसलेल्या नटाला रंगभूमी हारतुरे घालते, पण घर चालवून देत नाही. शिवाय ऑलिव्हिएच्या उमेदीची दहा वर्षं सरकारी अनुदानावरच्या नाट्यसंस्थेत गेली होती, आणि अशा संस्थेचं मानधन सिनेमाच्या मानानं किरकोळच असतं. जोन प्लोराइटशी झालेल्या तिसऱ्या लग्नातली तीन मुलं अजून शाळकरी वयातली. त्यात सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये वरच्या टप्प्यातल्या कमाईवर आयकर होता ८३ टक्क्यांपर्यंत.

तेव्हा "चांगली नाटकं सोडून हा वाईट सिनेमात का गेला?" हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारलेला आहे. नाटकं त्यानं सोडलेली नव्हती. ती त्याच्या शरीरानं सोडली होती. झेपण्यासारखं एकच काम उरलं होतं: काही आठवडे जायचं, तुकड्यातुकड्यांनी शॉट द्यायचे, मध्ये खुर्चीत बसायचं. म्हणजे सिनेमा. आणि तोही मिळवणं सोपं नव्हतं. १९७६ च्या 'मॅरेथॉन मॅन'च्या वेळी या आजारी माणसाचा विमा उतरवायला कंपन्या राजी होईनात. निर्मात्यानं खटपट करून तो मिळवला, ऑलिव्हिएनं दातांत ड्रिल घालून छळणारा नाझी असा काही उभा केला की पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि हॉलिवूडला एक गोष्ट कळली: म्हातारा अजून काम देऊ शकतो आणि त्याचं नाव पोस्टरवर शोभतं.

मग रांग लागली. मोटारसम्राटाच्या घराण्यावरचा भडक 'द बेट्सी', 'ड्रॅक्युला', नील डायमंडबरोबरचा 'द जॅझ सिंगर', 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मधला झ्यूस. यातले काही बरे, काही सुमार, एकदोन भयाण. 'इंचॉन' या माळेतलाच एक मणी, पण त्याच्याइतकी स्वच्छ केस दुसरी नाही, कारण यात विकत घेणारा साधा निर्माता नव्हता.

घेणारा कोण होता

इंचॉन हे कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं आणि बघता बघता दक्षिणेच्या व अमेरिकेच्या फौजा पुसानच्या कोपऱ्यात ढकलल्या गेल्या. १५ सप्टेंबरला अमेरिकी जनरल डग्लस मॅकआर्थरनं शत्रूच्या पाठीमागे, इंचॉनला, समुद्रातून फौज उतरवली. जागा निवडण्यावरून त्याच्याच नौदलाशी वाद झाले होते. तिथं भरती-ओहोटीतला फरक तीस फुटांच्या आसपास. ओहोटीला किनाऱ्यापुढे दूरवर नुसता चिखल. मोठी जहाजं आत घेता येतील असे दिवस महिन्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे सकाळच्या भरतीला एक बेट घ्यायचं, मग पाणी ओसरलं की तिथं उतरलेल्या सैनिकांनी संध्याकाळच्या भरतीपर्यंत मदतीविना तग धरायचा, असा बेत. तो जमला. दोन आठवड्यांत सोल परत हाती आलं.

गोष्ट जातिवंत आहे. नुसती भरतीची वेळ आणि चिखल एवढ्यावर एक श्वास रोखून धरायला लावणारा सिनेमा निघेल.

पण सन म्युंग मून यांना ही गोष्ट निराळ्या कारणासाठी हवी होती. मून म्हणजे युनिफिकेशन चर्चचे संस्थापक. अमेरिकेत ज्यांच्या अनुयायांना चिडवून 'मूनी' म्हणत, ते. १९५० मध्ये ते उत्तर कोरियातल्या हुंगनामच्या श्रमछावणीत कैदी होते. इंचॉननंतर संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उत्तरेकडे सरकल्या आणि त्या ऑक्टोबरात त्यांची सुटका झाली. मॅकआर्थर हा त्यांच्या लेखी देवानं धाडलेला माणूस. भाविकानं नवस फेडावा तसा त्यांनी हा सिनेमा काढला. निर्माता म्हणून पुढे होते मित्सुहारू इशिई नावाचे जपानी वृत्तपत्रमालक, चर्चचेच सदस्य. मून यांचं नाव श्रेयनामावलीत 'कोरियाविषयक विशेष सल्लागार' म्हणून येतं. आकडा पोहोचला ४.६ कोटी डॉलरवर, आणि त्या काळी ही रक्कम भल्याभल्या स्टुडिओंना घाम फोडणारी होती.

अशा निर्मात्यापाशी पैसा असतो, पत नसते. पंथाच्या प्रमुखानं काढलेला युद्धपट म्हटल्यावर लोक हसणार किंवा दारावर निदर्शनं करणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून मग पत विकत आणायची. दिग्दर्शक कोण? टेरेन्स यंग, सुरुवातीच्या चारांपैकी तीन बाँडपट करणारा. संगीत? जेरी गोल्डस्मिथ. भूमिकांत जॅकलिन बिसेट, बेन गझारा, आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावामुळे जगाला माहीत झालेला तोशिरो मिफुने. एका छोट्या भूमिकेत तर रेक्स रीड हा खराखुरा सिनेसमीक्षक. (टीका करणाऱ्यालाच पगारावर घ्यायची ही कल्पना मला या सगळ्या कारभारातली एकमेव हुशार चाल वाटते. उपयोग झाला नाही तो भाग वेगळा.) आणि या सगळ्यांच्या शिरोभागी, मॅकआर्थर म्हणून, लॉर्ड ऑलिव्हिए.

त्याला मिळाले दहा लाख डॉलरहून जास्त. आकडा साधारण साडेबारा लाख सांगितला जातो. आपल्याला डोळे फिरवणारी रक्कम. पण एकूण खर्चाशी ताडून पाहिली तर तीन टक्क्यांच्याही आत. तेवढ्यात जर एका पंथाच्या सिनेमाला 'ऑलिव्हिएचा सिनेमा' म्हणवून घेता येत असेल, तर घेणाऱ्याच्या दृष्टीनं सौदा स्वस्तच होता.

चित्रीकरणादरम्यान पत्रकारांनी अपेक्षित प्रश्न विचारला: हे का करता? त्याचं उत्तर आता दंतकथा झालं आहे. "मनी, डिअर बॉय." पुढं तो म्हणाला ते मात्र सहसा उद्धृत होत नाही. त्याचा आशय असा: मी जुन्या वाइनसारखा आहे, आंबण्याआधी पिऊन टाकावी लागेल. शेवट जवळ आल्याचं मला जाणवतंय. घरच्यांसाठी मागे ठेवायला सिनेमातून मिळेल तेवढ्या पैशाखेरीज माझ्यापाशी काही नाही. मोबदला चांगला असेल तर कुठलंही काम मला कमीपणाचं वाटत नाही. उरलेल्या वेळात मिळेल ते ओरबाडून घ्यायचा हक्क मी कमावलाय.

या उत्तरात लाज नाही, बढाईही नाही. दुकान बंद करायच्या वेळी माल काढणाऱ्या दुकानदाराचा रोखठोकपणा आहे. मला ते आवडतं. "भूमिकेतलं आव्हान मला खुणावत होतं", "दिग्दर्शकाच्या दृष्टीवर विश्वास ठेवला" असली वाक्यं ऐकून कान किटलेल्या कुणालाही ते आवडेल.

मेकअपची खुर्ची

इथवरचं प्रकरण सरळ आहे: एकाला पैसा हवा, दुसऱ्याला नाव. गुंता पुढं आहे. सौदा फक्त नावाचा असता तर ऑलिव्हिएनं काय करायला हवं होतं? विमानानं जायचं, टोपी घालायची, पाइप तोंडात धरायचा, वाक्यं बोलायची, परत यायचं. मॅकआर्थरचा अर्धा चेहरा टोपी, काळा चष्मा आणि मक्याच्या कणसाचा पाइप यांनीच व्यापलेला. बाकीचं काम ते तीन जिन्नस करतात. दोनच वर्षं आधी ग्रेगरी पेकनं मॅकआर्थर साकारला होता, त्यामुळे प्रेक्षकालाही ओळख करून द्यायची गरज नव्हती.

ऑलिव्हिएनं तसं केलं नाही. तो व्हर्जिनियात नॉरफोकला जाऊन मॅकआर्थरचं स्मारक-संग्रहालय पाहून आला. मॅकआर्थरच्या हाताखाली तरुणपणी काम केलेले जनरल अलेक्झांडर हेग यांना त्यानं माणूस कसा होता ते विचारलं. रोज अडीच तास मेकअपला. आणि एवढं सगळं थापून झाल्यावर आरशात बघून त्याचं मत काय, तर हा ना मी दिसतोय, ना मॅकआर्थर.

ही मेहनत कुठून येते? त्यासाठी त्याची काम करायची रीत बघायला हवी. ऑलिव्हिए बाहेरून आत जाणारा नट. आधी नाक, मग चाल, मग आवाज, मग माणूस. तिसऱ्या रिचर्डसाठी त्यानं लावलेलं लांब, टोकदार नाक प्रसिद्ध आहे. १९६४ साली ऑथेल्लोसाठी त्यानं महिनोन्‌महिने सराव करून स्वतःचा आवाज खाली उतरवला. मूळ आवाज बारीक, पल्लेदार. ऑथेल्लोचा आला तो छातीतून. (त्या भूमिकेतला काळा रंग फासलेला चेहरा आज बघवत नाही, पण आवाजावर घेतलेली मेहनत नाकारता येत नाही.) या रीतीची गंमत अशी की तिला खाली भक्कम संहिता लागते. नाक आणि आवाज हे दरवाजे आहेत. आत शेक्सपिअरनं बांधलेलं घर असतं म्हणून दरवाज्याला अर्थ.

'इंचॉन'मध्ये दरवाजा तयार झाला आणि आत काहीच नव्हतं.

आवाजाचं तर फारच विचित्र झालं. मॅकआर्थर बोलायचा कसा, यावर हेग यांनी सांगितलं म्हणे की साधारण डब्ल्यू. सी. फील्ड्ससारखा. फील्ड्स हा अमेरिकेचा जुना विनोदी नट. नाकातून, लांबण लावत, खेकसत बोलणारा. ऑलिव्हिएनं ते प्रमाण मानलं आणि तसा आवाज घोटला. आता विचार करा. १९५१ मध्ये अमेरिकी संसदेपुढे केलेलं मॅकआर्थरचं निरोपाचं भाषण देशभर ऐकलं गेलं होतं. तो आवाज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक अमेरिकनाच्या कानात होता. त्या प्रेक्षकापुढे एक इंग्रज लॉर्ड, गालांवर थर चढवून, विनोदी नटाच्या ढंगात देवाच्या आणि स्वातंत्र्याच्या गोष्टी करतोय. मेहनत जितकी जास्त, तितकं ते हास्यास्पद. एखाद्या कामचुकार नटानं नुसतं सरळ बोलून वेळ मारून नेली असती तर निदान कुणी हसलं नसतं.

मला या प्रकरणातला कळीचा मुद्दा इथं दिसतो. वाईट सिनेमातल्या मोठ्या नटाबद्दल आपण गृहीत धरतो की त्यानं पाट्या टाकल्या असणार. कित्येकदा उलट असतं. घेणाऱ्याला फक्त नाव हवं असतं आणि नट सवयीनं कामही देऊन बसतो. त्या कामाचं तिथं कुणाला काही करता येत नाही. दिग्दर्शक थांबवत नाही, कारण लॉर्डला कोण थांबवणार? निर्माता थांबवत नाही, कारण त्याच्यासाठी लॉर्ड हजर आहे एवढंच पुरे. ऑलिव्हिएला वाईट नट म्हणायचं कारण नाही, पण 'इंचॉन'मधलं काम वाईट आहे आणि त्याचा दोष पटकथेवर ढकलून त्याला मोकळं करता येत नाही. तो वाईट होता, आणि जीव ओतून वाईट होता.

सिनेमा

यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. भरती, चिखल, नौदलाशी वाद हे सगळं सोडून पटकथा धावते ती एका अमेरिकन मेजरच्या बायकोमागे. मेजरचं एका कोरियन मुलीशी प्रेमप्रकरण. बायको युद्धातून कोरियन पोरांना मोटारीत घालून सुखरूप नेण्याच्या खटपटीत. मध्येच दीपगृह पेटवण्याची कामगिरी. मॅकआर्थर अधूनमधून उगवतो, उपदेश करतो, जातो.

निर्मितीचे हालही काही कमी नव्हते. चित्रीकरण कोरियात, रोममध्ये, आणखी कुठं कुठं. वादळानं सेटचं नुकसान. मॅकआर्थरच्या मिरवणुकीचं दृश्य गर्दी मनासारखी जमत नाही म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं. ऑक्टोबर १९७९ मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाली, देशच हादरलेला. पत्रकाराची भूमिका करणारा डेव्हिड जॅन्सन फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. बजेट फुगत गेलं आणि फुगलेलं बजेट भागवायला चर्च होतंच. कुठल्याही स्टुडिओनं ज्या टप्प्यावर हात वर केले असते तो टप्पा इथं आलाच नाही. श्रद्धेच्या पैशाला ऑडिटर नसतो.

मे १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये पहिला खेळ झाला. बाहेर मून यांच्या विरोधात निदर्शनं. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा. तो पाहून कुणी घेईना, मग कात्री लागली. सप्टेंबर १९८२ मध्ये एमजीएम/यूएनं तो अमेरिकाभर लावला तेव्हा पावणेदोन तासांचा उरला होता. बिचारा जॅन्सन त्यात पूर्ण कापला गेला, रेक्स रीडही.

आणि वेळ तरी कोणती साधली? मे १९८२ मध्ये मून कर चुकवल्याच्या खटल्यात दोषी ठरले. जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी दोन हजारांवर जोडप्यांची एकाच वेळी लग्नं लावली आणि ती छायाचित्रं जगभर छापून आली. दोनच महिन्यांनी त्यांचा सिनेमा. मून यांच्या नावावर ऑलिव्हिएच्या नावाचं पांघरूण घालायचं, हा मूळ बेत. लोकांना मात्र पांघरुणाखालचं सगळं आधीच दिसलं होतं. 'न्यूजवीक'नं आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट म्हणून त्याची संभावना केली. अमेरिकेत गल्ला जमला तो फार तर पन्नास-बावन्न लाख डॉलरचा, म्हणजे खर्चाच्या जेमतेम एक नवमांश. रॅझी पुरस्कारांत 'इंचॉन'नं सर्वांत वाईट चित्रपटाचा मान पटकावला आणि ऑलिव्हिएनं सर्वांत वाईट अभिनेत्याचा. सिनेमा व्हिडिओवर अधिकृतपणे कधी आलाच नाही.

बेलवलकर, लागू, केन

मराठी वाचकाला या प्रकरणात एक ओळखीची सावली दिसेल. डिसेंबर १९७० मध्ये, म्हणजे ऑलिव्हिए लॉर्ड झाला त्याच वर्षी, वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' रंगमंचावर आलं. गणपतराव बेलवलकर निवृत्त होतात, होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतात आणि रस्त्यावर येतात. शेक्सपिअरच्या किंग लिअरची छाया असलेला हा मराठी नट म्हणजे ऑलिव्हिए ज्या भीतीनं पळत होता ती भीतीच. फरक एवढाच की बेलवलकरांपाशी वाटायला काहीतरी होतं. ऑलिव्हिएचं म्हणणं, माझ्यापाशी तेही नाही, आधी कमवू द्या.

बेलवलकर पहिल्यांदा उभे केले ते डॉ. श्रीराम लागूंनी. कान-नाक-घशाची शल्यचिकित्सा सोडून चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ रंगभूमीवर आलेला माणूस. त्यांनीही पुढं हिंदी सिनेमात ढिगानं भूमिका केल्या. 'घरौंदा'सारखी एखादी लक्षात राहणारी. बाकी नायिकेचे वडील, डॉक्टर, न्यायाधीश. 'नटसम्राट' पाहिलेला प्रेक्षक त्यांना तिथं बघून हळहळायचा. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात नुसत्या मराठी नाटकाच्या नाइटवर एखाद्या नटानं आयुष्य काढावं, ही अपेक्षा करणारे आपण तिकिटाला किती द्यायला तयार होतो, हेही एकदा आठवून बघावं. तीनही बाजूंनी पडदा असलेल्या रंगमंचावर नट उभा राहतो तो आपल्या जिवावर, आणि आपण त्याला टाळ्या देऊन घरी जातो.

तिसरा नमुना मायकल केन या ब्रिटिश नटाचा. १९७२ च्या 'स्लूथ'मध्ये तो आणि ऑलिव्हिए, दोघांनीच जवळजवळ अख्खा सिनेमा पेलला आणि दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. केनचे वडील लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारात हमाल, आई घरकामं करणारी. मार्च १९८७ मध्ये केनला 'हॅना अँड हर सिस्टर्स'साठी ऑस्कर मिळालं, आणि ते घ्यायला तो गेला नाही, कारण बहामात 'जॉज : द रिव्हेंज'चं शूटिंग चालू होतं. शार्क सूड उगवायला एका कुटुंबाच्या मागावर निघतो, असा तो चौथा 'जॉज'. त्याबद्दल केन नंतर म्हणाला: तो सिनेमा मी पाहिलेला नाही, भयंकर आहे असं सगळे सांगतात. पण त्या पैशातून बांधलेलं घर मी पाहिलंय, ते झकास आहे.

दोघांचं उत्तर वरवर एकच. पण केन कामाकडे मजुरासारखा बघतो: बोलावलं, गेलो, पैसे घेतले. सिनेमा बघायचीही त्याला गरज वाटत नाही, आणि 'जॉज'मध्ये त्यानं ना नाक लावलं ना आवाज बदलला. म्हणून तो त्या सिनेमातही केनच राहतो, अंगाला काही चिकटत नाही. ऑलिव्हिएला हे साधलं नाही. तोंडानं तो मजुराची भाषा बोलत होता आणि हातानं उस्तादाचं काम करत होता. निखळ व्यवहारी माणसाचा 'इंचॉन' एवढा वाईट झाला नसता.

त्याच्या नावाचं नुकसान किती झालं? दिसत तर काहीच नाही. याच वर्षांत 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' या टीव्ही मालिकेत मरणाच्या दारात घरी परतणारा लॉर्ड मार्चमेन त्यानं केला आणि त्यासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळवला. एप्रिल १९८३ मध्ये त्याचा 'किंग लिअर' टीव्हीवर आला. पंचाहत्तरीतला, खराखुरा थकलेला लिअर. त्यालाही एमी. त्याच सुमारास रॅझीवाले त्याला सर्वांत वाईट नट ठरवत होते. प्रेक्षकांनी दोन्ही गोष्टी सहज पचवल्या. १९८९ मध्ये तो गेला तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबेत जागा मिळाली. आयुष्यभर कमावलेलं नाव एका सिनेमात वटवलं तरी खात्यात बरंच उरतं, हे त्याला ठाऊक असावं. नवख्या नटानं हा हिशेब आपल्याला लावू नये. त्याच्या खात्यात तेवढी शिल्लक नसते.

मॅकआर्थरच्या भूमिकेचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात इंचॉनवर नवा मोठा सिनेमा निघाला, इंग्रजीत 'ऑपरेशन क्रोमाइट'. मुख्य भूमिकेत ली जुंग-जे, आणि टोपी, चष्मा, पाइप घेऊन मॅकआर्थर झाला 'शिंडलर्स लिस्ट'मधला लिअम नीसन. समीक्षकांनी त्यालाही झोडपलं. कोरियात मात्र सत्तर लाखांच्या आसपास तिकिटं खपली. नीसनला या सिनेमात मोजकीच दृश्यं आहेत. पोस्टरवर तो ठळक दिसतो.